पाणपोईचं गाऱ्हाणं

दुकानासमोर एक पाणपोई काढायची, एवढंच महिपत शेट्यांच्या मनात होतं. देवरूखच्या एसटीचा थांबा जवळच, तिथे माणसं उन्हात ताटकळायची, आणि महिपतशेटना कुणाचे हाल बघवत नसत. त्यांचं हे न बघवणं गंगावहिनींना बघवत नसे. दुकान नळ, बेसिन आणि फरश्यांचं. पुढच्या मोकळ्या जागेत काचेचं शोरूम व्हावं ही वहिनींची लग्नापासूनची एकच मागणी होती, आणि महिपतशेट यंदा तिला कसेबसे कबूल झाले होते. पाणपोई कोपऱ्यात मावत होती, म्हणून वहिनींनी फार ताणलं नाही.

चांगल्या कामाला गाऱ्हाणं हवंच, म्हणून गावाहून रामातात्यांना बोलावलं. नारळ ज्याच्या हातात, त्याच्या वतीने तात्या देवाशी बोलणार आणि जमलेल्यांनी दर वाक्याला साथ द्यायची, अशी रीत. महिपतशेट नारळ धरून उभे राहिले. तात्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू म्हयपत आज तानलेल्याला पानी पाजतोय, त्याला यश दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबले असते तर ते तात्या कसले? एकदा सूर लागला की त्यांना आवरणं खुद्द देवालाही जड जायचं. पाणी प्यायला थांबेल त्याच्या डोक्यावर छप्पर घालायची बुद्धी ह्याला दे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला बाकडी दे, वर पंखा दे, असं त्यांनी एका दमात मागून घेतलं. दर वेळी सगळ्यांत खणखणीत "व्हय म्हाराजा" महिपतशेटचा होता. लहानपणापासूनची सवय, सूर कानावर पडला की तोंडातून आपोआप निघायचं. आपण काय कबूल केलं हे त्यांना नारळ फुटल्यावर उमगलं.

देवापुढे दिलेला शब्द, मागे कसा घेणार? छप्पर आलं, बाकडी आली, पंखाही लागला. एवढी सोय बघून एसटीचा ड्रायव्हर थांबा सोडून दुकानाच्या तोंडाशीच गाडी उभी करू लागला. गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट उरली नाही. उतारू मात्र बिनदिक्कत शिरत, कारण बायांना अडचण असे आणि संडास दुकानामागच्या घरात होता. शोरूमची जागा अशी हातोहात गेली.

वर्षपूर्तीला तात्या पुन्हा येणार असं कळलं, तेव्हा वहिनी कडाडल्या.

"यंदा तात्या संडास मागनार, नि तुमी व्हय म्हननार."

"नाय म्हननार. मी गप ऱ्हानार."

"म्हनलात ते तुमाला कळतं तरी कुठं?"

महिपतशेटना हे पटलं, आणि त्यांनी डोकं चालवलं. वर्षपूर्तीला त्यांनी वॉर्डाच्या नगरसेवकांना मानाने बोलावलं आणि नारळ त्यांच्या हातात दिला. नगरसेवक खूश झाले. तेही इथलेच, लहानपणापासून गाऱ्हाणी ऐकत वाढलेले. "आयाबायांची अडचन दूर करायला ह्याला संडास बांदायची बुद्धी दे रे म्हाराजा," असं तात्या म्हणाले आणि नगरसेवकांनी डोळे मिटून दणदणीत होकार दिला. महिपतशेटनी वहिनींकडे बघून मिशीत हसून घेतलं. त्यांना अगदी धन्य वाटलं.

पण तात्यांचं अजून संपलं नव्हतं.

"जागेसाठी ह्याला वनवन नको रे म्हाराजा. म्हयपत मोट्या मनाचा, त्याच्याच दारात संडास होऊ दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज पुन्हा महिपतशेटचाच होता.

वहिनींनी अबोला धरला. तो मोडला तो नगरसेवकांच्या कंत्राटदाराने आणलेल्या मळकट फरश्या बघून. माझ्या दारात असलं चालणार नाही म्हणून त्यांनी त्या परत पाठवल्या आणि दुकानातला सगळ्यांत देखणा माल काढून दिला. निळी फरशी, घाटदार बेसिन, चकचकीत नळ. शोरूमसाठी त्यांनी मनात मांडून ठेवलेलं सगळं तिथे जागच्या जागी बसलं.

संडास सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी देवरूखला निघालेल्या एक बाई आतून आल्या त्या एसटीकडे न जाता थेट गल्ल्याशी आल्या. लेकीच्या नव्या घराला असलीच निळी फरशी हवी, कुठे मिळेल, असं विचारू लागल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी नळाची चौकशी करायला उभ्या होत्या. बाहेर एसटी हॉर्न वाजवून दमली आणि निघून गेली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी वहिनींनीच विषय काढला.

"तात्यांना म्होरल्या वर्षी पन बोलवा. नारळ मी धरनार."