नववं पान, कलम सदतीस (ब)

धारदार हत्यार आणि कोवळं वय एका खोलीत आणायचं असेल, तर दोघांच्या मध्ये पुरेसा कागद असावा लागतो, याबाबत सर्व सुधारलेल्या समाजांचं एकमत आहे. युवा केंद्रातल्या मास्तरांना मात्र हे बरंच उशिरा कळलं.

मास्तर मूळचे सुतार. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर ते केंद्राच्या मागच्या लांबट शेडमध्ये चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना कुऱ्हाडफेक शिकवू लागले. त्यांचे नियम तीनच. रेषेच्या मागे उभं राहायचं. समोर माणूस असेल तर फेकायचं नाही. सगळ्यांचं फेकून झाल्याशिवाय कुणी निशाणाच्या फळीकडे जायचं नाही. चार वर्षांत एकूण अपघात एक (मास्तरांच्याच बोटात कुसळ). वरच्या कार्यालयाला ही आकडेवारी अत्यंत चिंताजनक वाटली. अपघात होत नाहीत, त्याअर्थी नोंदी होत नसणार, असा निष्कर्ष निघाला आणि केंद्राला एक जोखीम अधिकारी बाई मिळाल्या.

बाई कष्टाळू होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकशे बारा धोके शोधून काढले. त्यांत कुऱ्हाड एकोणऐंशीवी आली (अठ्ठ्याहत्तरावं ओलं पायपुसणं). मग पालकांसाठी संमतिपत्र तयार झालं. पानं चौदा, सह्या नऊ. दीड तासाच्या वर्गातला एक तास दहा मिनिटं सुरक्षेला गेली आणि उरलेल्या वीस मिनिटांत मुलं घाईघाईने कुऱ्हाडी फेकू लागली. ‘घाई’ हा एकशे तेरावा धोका म्हणून यादीत घेण्यात आला.

एवढं सगळं पालक वाचतात का, असं मास्तरांनी एकदा भीतभीत विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “वाचणं ही पालकांची जबाबदारी. सही घेणं ही आपली.”

हे वाक्य मास्तरांना फार लागलं. पुढच्या तुकडीचे फॉर्म छापायला जायचे होते आणि बाई दोन दिवस रजेवर होत्या. मास्तरांनी कार्यालयातल्या संगणकावर एका बोटाने टाइप करत नवव्या पानावर भर घातली: ‘३७ (ब). फळी उपलब्ध नसल्यास माझ्या पाल्यास फळीच्या जागी उभे करण्यास माझी हरकत नाही.’ कुणीतरी बाप तणतणत येईल, आरडाओरडा होईल आणि फॉर्म एका पानावर येईल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

एक्केचाळीस फॉर्म गेले. सगळेच्या सगळे सह्यांसकट परत आले. एका आईने मुलाच्या जन्मतारखेतली चूक तेवढी दुरुस्त केली होती. वरच्या कार्यालयाने या कलमाला ‘वर्ग खंडित होऊ नये म्हणून केलेली पर्यायी व्यवस्था’ अशी शाबासकीही दिली.

समजून वाचलं ते एका मुलीने. वय पंधरा, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मोजकं. मास्तर चिरफळलेली फळी उतरवत होते, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

“मास्तर, फळ्या संपल्या तर चष्मा घालून उभं राहायचं, की काढून?”

मास्तर हसायला गेले. ती हसत नव्हती. आईला तिने ते पान दाखवलं होतं. आई म्हणाली होती, नियम असेल तर असेल, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मास्तरांनी वर्ग तिथेच थांबवला, बाईंची खोली गाठली आणि सगळं कबूल करून कलम खोडायची विनंती केली. बाईंनी नववं पान वाचलं (बहुधा प्रथमच). त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

“आता खोडलं तर एक्केचाळीस संमतिपत्रं रद्द होतात. म्हणजे आजवरचे सगळे वर्ग विनापरवानगी.”

“आणि नाही खोडलं तर?”

“तर सगळं नियमात आहे.”

तोडगा निघाला. कलम ठेवायचं, पण वापरायचं नाही. तसा पुरावा म्हणून दर आठवड्याला प्रत्येक पालकाला अहवाल जाऊ लागला: ‘आपल्या पाल्यास फळीच्या जागी उभे केल्याच्या वेळा: शून्य.’ मास्तरांनी मात्र सुट्टीच्या दिवशी येऊन डझनभर जादा फळ्या कापल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या (धोका क्रमांक एकशे चौदा).

तिसऱ्या आठवड्यात एका वडिलांचा फोन आला. सुटलो, असं मास्तरांना वाटलं. वडील अतिशय नम्र होते. तक्रार अशी नाही, म्हणाले, पण सलग तीन अहवालांत शून्यच दिसतंय.

“बाकीच्या मुलांना संधी मिळते आणि आमचाच मागे राहतो, असं होऊ नये, एवढंच.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि आणखी एक फळी कापायला घेतली.

आपण या वडिलांना हसला असाल, तर आपण तसे पालक नाही, हे उघड आहे. आपल्या मुलांच्या सहलीचा, शिबिराचा, पोहण्याच्या वर्गाचा फॉर्म आपण सही करण्याआधी पान न् पान उलटून वाचला असणारच.