उशीच्या अभ्र्यातला गुंडा

"अहो, तुमच्या उशीच्या अभ्र्यात दगड कुणी घातला?"

बायकोने वॉशिंग मशीनपाशी उभं राहून विचारलं आणि तपासनीसांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. ते उठले, बसले, पुन्हा उठले. भिंत धरत धरत मोरीपर्यंत पोचले, तेव्हा बायको एक गरम, वाफाळता, मळकट रंगाचा गोळा हातात घेऊन त्याच्याकडे संशयाने बघत होती.

"गरम पाणी लावलं होतंस?" तपासनीसांनी कसंबसं विचारलं.

"मग? अभ्रा बघितला होतात का, तेलाने कसला काळा झाला होता तो? चांगला उशीसकट कडकडीत पाण्यात लावला."

"आणि साबण?"

"दुप्पट."

तपासनीस मोरीच्या उंबरठ्यावर मटकन बसले. लोकरीचे तीन वैरी, म्हणजे गरम पाणी, साबण आणि घुसळण, हा सूतकताई मंडळातला पहिला धडा होता. तिन्ही वैऱ्यांनी मिळून मंडळाचा लोकरीचा गुंडा गाठला होता, आणि तोही तपासनीसांच्याच उशीत.

हे गृहस्थ निवृत्त लिफ्ट तपासनीस. लिफ्ट पडेल, दोर तुटेल, दार अडकेल, अशी भीती बाळगण्याचाच त्यांना आयुष्यभर पगार मिळाला. निवृत्तीनंतर पगार थांबला, भीती चालूच राहिली. मग ते घरात गॅसचं बटण तपासू लागले, खिडक्यांच्या कड्या तपासू लागले, झोपलेल्या बायकोचा श्वास चालू आहे ना हेही तपासू लागले. शेवटी बायकोने वैतागून त्यांना सायकलच्या दुकानावरच्या खोलीत नेऊन सोडलं. तिथे दर शनिवारी दुपारी सूतकताई मंडळ भरत असे.

आणि काय नवल, चरखा फिरू लागला, चिमटीतल्या लोकरीतून धागा निघू लागला, की तपासनीसांच्या छातीतली धडधड थांबायची. साठी ओलांडल्यावर पहिल्यांदाच त्यांना काही काळ कशाचीच भीती वाटत नव्हती. त्या खोलीवाचून आता आपलं काही खरं नाही, हे त्यांना मनोमन पटलं होतं. पण अजून ते कच्चे सभासद होते. पक्कं व्हायचं तर गुंडा सांभाळावा लागे.

गुंडा म्हणजे मंडळाचा जीव. प्रत्येक सभासदाने तो आठवडाभर घरी न्यायचा, आपण कातलेला धागा त्याच्या टोकाला जोडायचा, गुंडाळायचा आणि शनिवारी परत आणायचा. जोड गाठ न मारता, दोन्ही टोकं उकलून, ओली करून, एकत्र पिळून द्यायचा. मंडळाच्या अध्यक्ष थोरल्या बाईंनी अगदी सुरुवातीला कातलेला लाल धागा या गुंड्याच्या पोटात होता. त्यावर इतक्या जणांचं सूत चढलं होतं की गुंडा आता लहानशा कलिंगडाएवढा झाला होता. ज्याच्या हातून त्याला इजा होईल, त्याने मंडळाची पायरी पुन्हा चढायची नाही, असा थोरल्या बाईंचा नियम होता.

तपासनीसांनी गुंडा घरी आणला आणि तेव्हापासून त्यांचा डोळा लागला नव्हता. कपाटात ठेवला, तर कसर लागेल म्हणून काढला. स्वयंपाकघरातल्या डब्यात ठेवला, तर उग्र वास लागेल म्हणून काढला. माळ्यावर टाकला, तर उंदीर आठवले. अखेर उशीतला अर्धा कापूस उपसून त्यांनी गुंडा अभ्र्यात दडवला आणि त्यावर कान ठेवून पडून राहिले. मान अवघडली, पण जिवाला बरं वाटलं. फक्त ही गोष्ट बायकोला सांगावी, एवढं त्यांना सुचलं नाही.

"त्याचा नमदा झाला," तपासनीस म्हणाले. "सगळे तंतू एकमेकांत रुतून बसतात. आता धागा सुटायचा नाही. संपलं."

तरीही "बघू," म्हणून त्यांनी बायकोच्या हातातून गोळा घेतला. कलिंगडाचं मोसंबं झालं होतं. तो इतका गरम होता की हातातून निसटला, फरशीवर आपटला, टुणकन उडाला आणि बादलीवर जाऊन आदळला.

"अगंबाई, उडतोय की!" बायको म्हणाली.

"उडेल नाही तर काय! दगड केलायस तू त्याचा!"

"दगड उडतो होय?" बायकोने विचारलं. पण तपासनीस त्या मनःस्थितीत नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे शनिवार दिसत होता.

तपासनीसांच्या बायकोला मुळात कशाचीच भीती वाटत नसे. घरातली सगळी भीती नवऱ्याने आपल्याकडे घेतल्यामुळे तिच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं. ती म्हणाली, "असं करू. सरळ जाऊन सांगू, धुतला म्हणून."

"अगं, हाकलून देतील मला!"

"मग दुसरीकडे बसा कुठेतरी जाऊन."

"दुसरीकडे कुठे?" एवढंच तपासनीस म्हणाले. बायकोने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने ओले हात पदराला पुसले. "बरं, त्या थोरल्या बाई बघतात काय नेमकं?"

थोरल्या बाई बघायच्या ते एवढंच: सभासदाचा स्वतःचा धागा जोडापर्यंत उलगडायचा, जोडावरून बोटं फिरवायची, मान हलवायची आणि गुंडा पुढच्याच्या हातात द्यायचा. तपासनीसांच्या आधी गुंडा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होता, त्यांचं सूत पांढरं होतं. म्हणजे नमद्यावर पांढऱ्या सुताचे भरपूर थर चढवायचे, त्यावर तपासनीसांचा तपकिरी धागा जोडायचा, की बाहेरून सगळं आलबेल.

"ही फसवणूक आहे," तपासनीस म्हणाले.

"हो. लोकर कुठाय?" बायको म्हणाली.

त्या आठवड्यात त्या घरात दुसरं काही झालं नाही. तपासनीस चरख्यावर बसले, पण भीतीने हात असा कापायचा की धागा वारंवार तुटायचा. शेवटी बायको टकळी घेऊन बसली. तिचं सूत कुठे दोरीएवढं जाड तर कुठे केसाएवढं बारीक निघायचं, पण निघायचं भराभर. दाराची घंटा वाजली की दोघं गोळा सोफ्याखाली ढकलायची. एकदा वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला तपासनीसांनी, त्याने काही विचारायच्या आतच, "आमच्याकडे काही नाही!" असं सांगून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गुंडा पुन्हा कलिंगडाएवढा झाला.

शनिवारी बायको बरोबर आली. एकटे सोडले तर हे जिन्यावरूनच परत फिरतील, अशी तिला खात्री होती.

खोलीत मोठ्या टेबलाच्या एका टोकाला थोरल्या बाई बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला चिटणीसबाई. मंडळ दोघींनी मिळून काढलेलं, दोघी एकेकाळच्या शेजारणी, पण एकमेकींशी अवाक्षर बोलत नसत. का, ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं. धाग्याला पीळ उजवा द्यायचा की डावा, यावरून फाटलं असावं, असा सभासदांचा अंदाज होता. त्यामुळे कच्च्या सभासदाने दोघींच्या मधल्या स्टुलावर बसून निरोप पोचवायचे, ही मंडळाची जुनी रीतच होऊन बसली होती.

"तपासनीस, त्यांना म्हणावं, खिडकी लावा, लोकर उडतेय," थोरल्या बाई म्हणाल्या.

"चिटणीसबाई, खिडकी..."

"त्यांना म्हणावं, मला उकडतंय."

"बाई, त्यांना..."

"बरं, बरं. गुंडा आणा इकडे."

तपासनीसांची पाचावर धारण बसली. त्यांनी गुंडा टेबलावर ठेवला आणि तो उडू नये म्हणून वर हात धरून ठेवला. थोरल्या बाईंनी तो हात बाजूला केला, तपकिरी धागा उलगडला आणि डोळे मिटून जोडावरून बोटं फिरवली. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. तपासनीस तर नाहीच.

"सुरेख जोड," थोरल्या बाई म्हणाल्या. तपासनीसांच्या जिवात जीव आला. तो तिथे फार वेळ टिकला नाही, कारण बाई पुढे म्हणाल्या, "आज मात्र मी इथे थांबणार नाही. मी आता थकले. डोळे जायच्या आधी मला माझा पहिला धागा एकदा बघायचाय. आज शेवटपर्यंत उलगडू या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तपासनीसांनीही वाजवल्या. त्यांचे हात आपोआपच एकमेकांवर आपटत होते.

पांढरं सूत टेबलावर साचू लागलं. दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. त्यांनी चष्मा लावला, धागा चिमटीत धरून सरकवून पाहिला आणि एकदम म्हणाल्या, "थांबा! हे माझं सूत नाही. असलं गाठाळ मी जन्मात कातलं नाही!"

"गाठाळ काय गाठाळ?" मागून तपासनीसांची बायको म्हणाली. "पहिल्यांदा कातलंय मी, त्या मानाने चांगलंच..." आणि तिने तोंडावर हात ठेवला.

सगळ्यांच्या माना आधी बायकोकडे आणि मग तपासनीसांकडे वळल्या. थोरल्या बाईंनी पांढरं सूत भराभर ओढून काढलं. आतून मळकट, घट्ट, टणक नमदा बाहेर आला. जुन्या जुन्या सभासदांचे रंग त्यात एकमेकांत मिसळून गेले होते. एका म्हाताऱ्या सभासद बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"माझी चूक आहे," बायको म्हणाली. "मी धुतला."

"नाही," तपासनीस उठून उभे राहिले. त्यांची बोबडी वळली होती, तरी ते बोलले. "हिला माहीतच नव्हतं. मी उशीत लपवला. भीती वाटली म्हणून. नंतर तुम्हाला फसवलं, तेही भीतीनेच. मला इथे... इथे आलो की बरं वाटायचं, म्हणून. मी निघतो."

त्यांनी पिशवी उचलली. थोरल्या बाई अजूनही नमद्याकडेच बघत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, पण रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं.

"थांबा हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी नमदा बोटांनी दाबून पाहिला. "वरूनच कडक झालाय. आतला धागा कदाचित वाचला असेल. उघडून बघू." त्यांनी पर्समधून छोटी धारदार कात्री काढली आणि सवयीने म्हणाल्या, "घाबरू नका, अजिबात दुखणार नाही." तपासनीसांनी डोळे मिटून घेतले.

कचकच आवाज झाला. नमद्याची जाड साल दोन भागांत सुटली आणि आत खरोखरच लोकर दिसली, मऊ, मोकळी, सुटी. डॉक्टरीणबाईंनी ती हळूहळू उलगडली. निळी आली, पिवळी आली आणि शेवटी लाल. "तोच! माझाच!" थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांनी लाल धागा स्वतः हाती घेतला आणि फेऱ्यामागून फेरा सोडवत गेल्या. धागा संपला. मग एक जुनाट लोकरीचा पुंजका निघाला. तो गळून पडला आणि त्यातून हिरवा रबरी चेंडू टेबलावर पडला, टुणटुण उडत गेला आणि चिटणीसबाईंच्या पुढ्यात जाऊन थांबला.

"तरी मी म्हटलं, दगड कसा उडेल!" तपासनीसांची बायको म्हणाली.

चिटणीसबाईंनी चेंडू उचलून फिरवला. त्यावर कुण्या पोराने शाईने दोन डोळे आणि झुपकेदार मिशा काढल्या होत्या. त्यांनी मिशांवरून बोट फिरवलं.

"तपासनीस," त्या म्हणाल्या, "त्यांना विचारा, हाच का त्यांच्या पोराचा तो मिशीवाला चेंडू? जो माझ्या पोराने चोरला म्हणून त्यांनी भर गल्लीत त्याचे खिसे उलटे केले होते?"

तपासनीस थोरल्या बाईंकडे वळले. "बाई, त्या विचारतायत की..."

"ऐकलं मी," थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. साऱ्या मंडळाला धाकात ठेवणाऱ्या बाईंची बोटं टेबलावर थरथरत होती. अशी बोटं तपासनीस ओळखत होते. आठवडाभर ती त्यांच्याच हाताला होती.

"पुंजक्यावर गुंडाळायला सुरुवात केली होती मी," थोरल्या बाई पुटपुटल्या. "टोपलीत लोकरीचा पुंजका होता, म्हटलं गोल आहे, बरा आहे. आत काय आहे ते बघितलंच नाही. माझ्याच पोराने लपवला असणार टोपलीत." मग त्यांनी मान वर केली. "तपासनीस, त्यांना सांगा की..."

त्या थांबल्या. तपासनीस पिशवी धरून तसेच उभे होते. थोरल्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ती पिशवी ठेवा खाली. चुकणाऱ्याला हाकलायचं तर आधी मलाच जिना उतरावा लागेल. पक्के झालात तुम्ही. बसा."

तपासनीस बसले. पिशवी त्यांनी स्टुलाखाली सरकवली.

मग थोरल्या बाई खुर्चीतून उठल्या आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून, मधे कुणालाही न घालता, बारीक आवाजात म्हणाल्या, "चुकलं माझं. तुमचं पोर निर्दोष होतं."

चिटणीसबाईंनी चेंडू टेबलावर एकदा आपटला, वरच्या वर झेलला आणि खिडकीकडे बघत म्हणाल्या,

"तपासनीस, त्यांना म्हणावं, नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा सांगा."