सिंथेसायझरावरील तीर्थाची हकीकत

श्री. सुरांच्या धन्यास दंडवत घालून लिहावयास घेतलें तें ऐसें जे, शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सरीं, कार्तिक शुद्ध पंचमीस दौलतीचा जुना सिंथेसायझर मुका जाहला. हें वाद्य थोरल्या सरकारांनीं दर्यापारहून आणविलें, चाळीस वर्षें दरबारीं वाजलें, आणि त्याचा कारभारी म्हाळोजी घोसाळे इतका निष्ठावंत कीं दुसऱ्यास वर फडकेंहि मारूं देत नसे. झांकण काढितां सूर घडविणारी चिप तापून जळालेली. मागील सालीं, याच सुमारास, ऐसेंच जाहलें होतें आणि लुकमान अत्तार व्यापारी यानें नवी चिप दिधली होती. म्हाळोजीनें सरकारांचे कानीं घातलें कीं लुकमान खोटा माल देतो, आणि मग लुकमानास दरबार बंद जाहला. म्हाळोजी त्या दिवशीं पोटभर जेवला.

मग शोध करितां कळलें कीं ऐसी चिप आतां कोठें घडत नाहीं, मुलखांत एकच उरली, आणि ती लुकमानाचेच डबींत. सरकारांनीं निक्षून सांगितलें कीं हीहि जळाली तर वाद्य भंगारांत द्यावें. मग म्हाळोजी नाक मुठींत धरून लुकमानाचे दारीं गेला. लुकमान भला माणूस, चहा पाजिला, चिप दिधली, रागाचा शब्द काढिला नाहीं, इतुकेंच बोलिला, "मास्तर, सरदार बसविण्याआधीं त्याची रसद मोजा."

म्हाळोजीनें चिपेची जागा रिकामी ठेवून वीज सोडिली आणि मीटर लाविला. पांच व्होल्ट यावे ते आठ आले! पांचांचे भुकेस आठांचें वाढिलें, मग चिपेनें मरावें नाहीं तर काय करावें? मग पॉवर सप्लाय उघडिला, तों व्होल्ट नेमून ठेवणारा प्रीसेट वरच्या झरोक्याखालींच हिरवा गंजलेला, आणि त्यावर कुंकवाचीं पुटें. दर खंडेनवमीस वाद्याची पूजा होई, हळदकुंकू वाहून तीर्थ शिंपडिलें जाई, आणि तो तांब्या म्हाळोजीचेच हातीं. म्हाळोजी तेथेंच रडला. गुपचूप प्रीसेट बदलून शाबासकी घ्यावी, हेंहि मनांत येऊन गेलें. खोटें कां लिहावें.

मग नवा प्रीसेट घातला, पांच व्होल्ट नेमिले, चिप बसविली आणि घटकाभर तिजवर बोट धरून बसला. चिप कोमट. वाद्य वाजलें, सरकार खुष जाहले, म्हाळोजीस शेला आणविला. म्हाळोजीनें हात जोडिले.

"सरकार, हा शेला लुकमानाचा. माल खरा होता, चिपा माझ्या तांब्यानें मारिल्या."

मग शेला लुकमानास बहाल जाहला, दरबार खुला जाहला, आणि तो शेला म्हाळोजीनेंच डोक्यावर घेऊन पोंचविला.

पुढील खंडेनवमीस लुकमान पूजेस आला, त्यानें आधीं म्हाळोजीचे हातून तांब्या काढून घेतला आणि म्हाळोजीनें तो मुकाट्यानें दिला. एवंच, वाद्य वाजतें, चिप कोमट आहे, तांब्या उंबऱ्याबाहेर असतो.