टॉवेल टाकून धरलेली जागा

महारुद्रदादांनी धाराशिवच्या कला महोत्सवात पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं काम कोणतं केलं असेल, तर एका रिकाम्या खुर्चीवर खांद्यावरचा टॉवेल टाकला. सकाळी ईट गावाहून येताना एसटीच्या खिडकीतून हाच टॉवेल टाकून त्यांनी स्वतःची आणि धुरपदावहिनींची सीट मिळवली होती. टॉवेल पडला की जागा आपली, हा कायदा या जिल्ह्यात कुणी मोडत नाही.

"ही उत्कर्षची," ते बहिणीला म्हणाले. "पोरगं पुण्याहून दमून यील. उभं ऱ्हायला नगं."

शारदाला भरून आलं. उत्कर्ष तिचा एकुलता एक. नोकरीसाठी पुण्याला गेला, तो दिवाळीनंतर घरी फिरकला नव्हता. 'शनिवारी महोत्सवाला येतो, मामा-मामींनाही बोलव' असं त्यानं आपण होऊन कळवलं, तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. भाच्याच्या शब्दाखातर दादा-वहिनी तूर काढायची सोडून आले होते. आता तिचा एक डोळा फाटकाकडं होता आणि दुसराही तिकडंच.

खुर्च्या मात्र अजब होत्या. एक लाकडी, एक पत्र्याची, एक वेताची, एकीला तर पाठच नाही.

"मंडपवाला लई गरीब दिसतोय," वहिनी बसता बसता म्हणाल्या. "एक खुर्ची दुसरीसारखी न्हाय."

समोर स्टेजही नव्हतं. पण आपल्याकडं आधी माणसं बसतात आणि मग स्टेज येतं, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. तिघं बसलेली बघून आणखी चौघं आली. चौघांना बघून कॉलेजचा एक घोळका आला.

"काय हाय हो इथं?" एकानं विचारलं.

दादांना 'माहीत नाही' म्हणायची सवय नव्हती. "कार्यक्रम हाय."

"कोण यायलंय?"

"आमचा उत्कर्ष यायलाय, पुण्याहून." आता यात खोटं काहीच नव्हतं. पण मागच्या रांगेत जाईपर्यंत त्यातलं 'आमचा' गळून पडलं आणि शेवटच्या रांगेत उत्कर्षचे उत्कर्षजी झाले. खुर्च्या भरून लोक उभे राहिले, तेव्हा एक दाढीवाले गृहस्थ शेजारच्याला सांगत होते, की मी त्यांना पूर्वी ऐकलंय, आता तो आवाज राहिला नाही. गर्दी बघून महोत्सवाचा एक कार्यकर्ता धावत माईक घेऊन आला.

"रसिकहो, पुण्याहून उत्कर्षजींचं थोड्याच वेळात आगमन होत आहे. कृपया शांतता राखा."

शारदानं तेव्हाच उठून खरं सांगायला हवं होतं. पण ती उठली नाही. सगळं मैदान आपल्या पोराची वाट बघतंय, हे तिला मनातून आवडलं होतं. इतके महिने ती एकटीच बघत होती.

तेवढ्यात हातातला मोबाईल थरथरला. 'आई, निघणं जमलं नाही. अचानक काम आलं. पुढच्या महिन्यात नक्की.' तिनं तो मेसेज वाचला, पदरानं चष्मा पुसला आणि परत वाचला.

"उठा! आधी सगळे उठा बरं!"

चहाचा कप हातात घेऊन एक मुलगी ओरडत येत होती. ती अश्लेषा. त्या सगळ्या खुर्च्या तिनं मांडल्या होत्या.

"अहो, हे बसायला नाहीये! ही कलाकृती आहे! ज्या घरांतली पोरं बाहेरगावी गेली, त्या घरांतनं एकेक खुर्ची मागून आणलीय मी. त्या रिकाम्याच दिसायला पाहिजेत!" तिनं कोपऱ्यातल्या पाटीकडं बोट केलं. पाटीवर 'प्रतीक्षा' लिहिलेलं होतं आणि त्यावर कुणीतरी आपली भाजीची पिशवी अडकवली होती.

"उत्कर्षजी आल्याबिगर आमी उठणार न्हाय," मागून एकजण म्हणाला.

"कोण उत्कर्षजी?"

दाढीवाले गृहस्थ आभाळाकडं बघू लागले. बाकी सगळ्यांनी दादांकडं बघितलं आणि दादांनी शारदाकडं.

शारदा उभी राहिली. "त्यो न्हाय येणार," ती म्हणाली. "माझा पोरगा हाय त्यो. गाणारा-बिणारा कुणी न्हाय. काम निघालंय त्याला."

आता सगळे हसणार, म्हणून तिनं मान खाली घातली. कुणीच हसलं नाही. पत्र्याच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कवा आलता शेवटचा?"

"दिवाळीला."

"आमचा हैदराबादला हाय," म्हातारा म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. मग त्याच्या शेजारची बाई उठली. मग एकेक करत सगळेच उठले. पिशवीवाल्यानं पिशवीही काढून घेतली.

खुर्च्या अश्लेषाला हव्या तशा रिकाम्या झाल्या. राहिला फक्त दादांचा टॉवेल. तो उचलायला ती वाकली, थांबली आणि चार पावलं मागं येऊन बघत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "हा टॉवेल उद्या संध्याकाळपर्यंत, महोत्सव संपेपर्यंत, इथंच राहू द्याल?"

"आन् म्या तोंड कशानं पुसू?"

"माझ्या पदरानं पुसा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या. मागं लोक त्या खुर्चीचे फोटो काढू लागले.

घरी येऊन शारदानं भात लावला, तोच उत्कर्षचा फोन आला. आधी त्यानं पोटभर माफी मागितली. मग म्हणाला, "आई, आपल्या महोत्सवातला एक फोटो लई फिरायलाय बघ. जुनी खुर्ची, तिच्यावर टॉवेल आन् खाली 'प्रतीक्षा' लिहिलंय. आमच्या ऑफिसातली पोरं काम सोडून बघत बसली. कुणाची वाट बघायलेत गं ते?"

"असंल कुणीतरी," शारदा म्हणाली. "शनिवारी येतो म्हणाला व्हता."

मग त्यानं हळूच विचारलं, "मामाचा टॉवेल हाय का गं त्यो?"

"व्हय," शारदा म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत जागा धरलीय."