टिपणीसांच्या घरच्या दोन मतांची हकीकत

श्रीगजाननचरणीं मस्तक ठेवून आणि मेघराजास निराळा नमस्कार करून, कारण जया राज्याचें हें वर्तमान तेथें खरा अंमल त्याचाच. शके एकोणीसशें एक्कावन्न, सौम्यनाम संवत्सर, आषाढमास. संवत्सराचें नाम सौम्य, वर्तमान तैसें नाहीं. पश्चिमसमुद्रांत एक बेट, त्यावर एक प्राचीन राज्य. राजा आहे, परंतु त्यानें कांहीं करूं नये ऐसा करार आहे. कारभार मुख्य कारभारी करितात, आणि तो कारभारी प्रजेनें कौल देऊन नेमावा, आणि नेमल्याचे दुसरे दिवसापासून त्यास नांवें ठेवावीं, ऐसा त्या मुलखाचा परिपाठ. पक्ष मुख्य दोन, तांबडे आणि निळे. पिवळेही आहेत, ते सभ्य आहेत.

त्या राज्यांत एका गिरणीच्या गांवीं अच्युतराव टिपणीस नामें गृहस्थ राहत. मूळचे पेणचे. तरुणपणीं बस हांकण्याच्या चाकरीस म्हणून गेले ते तेथेंच मुरले, आणि बसवाल्यांच्या संघटनेचे निष्ठावंत म्हणून पक्के तांबडे जाहले. कुटुंब सरोजिनीबाई, त्या पक्क्या निळ्या. कारण पुसाल तर ऐसें कीं, प्रथम निवडणुकीस दोन्ही पक्षांचे शिलेदार दारीं आले. तांबडा आला तो चिखलाचे बूट घेऊन थेट गालिच्यावर चढला आणि गरिबांचें कल्याण सांगों लागला. निळा आला त्यानें पायपुसण्यावर दोन वेळां पाय पुसले आणि मग दारांतूनच कागद देऊन परत गेला. बाई म्हणाल्या, "याला गालिचा कळतो. राज्यही कळेल." अच्युतराव म्हणाले, "अगं, पण गरिबांचं काय?" बाई म्हणाल्या, "गालिचा गरिबांचाच आहे. मीच झाडते तो."

तेव्हांपासून उभयतांचा नेम पडला. मतदानाचे दिवशीं दोघांनीं एका छत्रीखालीं निघावें, चर्चच्या सभागृहीं जावें, तेथें पेन्सिल दोरीनें बांधून ठेविलेली असे, जणों ती पळून दुसऱ्या पक्षास मिळेल, त्या पेन्सिलीनें नवऱ्यानें तांबड्यापुढें फुली करावी, बायकोनें निळ्यापुढें, बेरीज शून्य. मग कालव्याच्या बाकावर बसून तळलेला मासा आणि बटाटे खावे, आणि बाईंनीं पिशवींतून लसणीचें तिखट काढून माशाचें शुद्धीकरण करावें. एकदां अच्युतरावांनीं पुसलें, "तुझं मत माझं मत खातं, माझं तुझं खातं. मग पावसात कशाला जायचं? घरीच बसू." बाई म्हणाल्या, "घरी बसायचं तर तुम्ही बसा. मी जाते आणि जिंकते." तेव्हां अच्युतराव मुकाट्यानें बूट घालूं लागले. ऐसें वर्षानुवर्षें चाललें. कारभारी आले आणि गेले, सरकारें चढलीं आणि पडलीं, टिपणीसांच्या घरची बेरीज शून्याहून ढळली नाहीं.

मग मागील माघमासीं सरोजिनीबाई कैलासवासी जाहल्या, आणि घरांत अच्युतराव एकटे राहिले, आणि घर फार एकमताचें जाहलें. अच्युतराव म्हणत तेंच होई. खिडकी उघडी ठेवूं म्हणत, ती उघडी राही. बातम्या लावूं म्हणत, बातम्या लागत. तांबड्यांचे कारभारी पडद्यावर दिसले कीं ते संवयीनें मोठ्यानें म्हणत, "बघ, कसा मुद्दा मांडला," आणि स्वयंपाकघराकडे कान देत. स्वयंपाकघरांतून कांहीं विरोध येत नसे. मुद्दा मग तेथेंच पडून राही.

अशांत निवडणूक लागली. तांबड्यांचे जे मुख्य कारभारी गादीवर होते त्यांजवर प्रजा रुष्ट जाहली होती. अपराध ऐसा कीं विनोद जाहला असतां ते हंसत, परंतु उशिरां हंसत. इतर मंडळी पुढील विषयावर गेली म्हणजे यांचें हंसूं येऊन पोंचे. दळणवळण सुधारीन म्हणून निवडून आले होते, आणि हें ऐसें. लोक म्हणों लागले, हा नको. निळ्यांनीं पुढें केले ते वेळेवर हंसत, परंतु विनोद नसतांही हंसत. पिवळे हंसण्याचें धोरण पुढील अधिवेशनांत ठरवूं म्हणाले.

मतदानाचे दिवशीं अच्युतराव छत्री घेऊन एकटे निघाले, आणि संवयीनें छत्री उजवीकडे झुकवून धरिली, त्यामुळें उजवीकडची रिकामी जागा कोरडी राहिली आणि डावा खांदा चिंब जाहला. सभागृहीं पडद्याआड उभे राहून दोरीची पेन्सिल हातीं घेतली आणि थांबले. मनांत आलें कीं आज आपण तांबड्यास मत द्यावें तर समोर कोणी नाहीं. जी उलट उत्तर देऊं शकत नाहीं तिजवर चाल करून जाणें हें बरें नव्हे. मत देऊंच नये, तरी बेरीज शून्य होते खरी, परंतु मग सरोजिनी मतदारांच्या यादींतून जशी गेली तशी जगांतूनही गेली. मागें रांगेंतील कोणी खोकलें. मग अच्युतरावांनीं निळ्यापुढें फुली केली. त्यांचा हिशेब ऐसा कीं, यंदा तिचें मत आपण देऊं, आणि आपलें मत ती देईल. जन्मांत तिनें आपणांस एकदांही बिनविरोध सोडलें नाहीं, आतांच कां सोडील. परंतु त्या राज्यांत टपालानें मत देण्याची सोय असली तरी ती स्वर्गस्थांस लागू नाहीं, ही बाब अच्युतरावांचे ध्यानांत घरीं येऊन मोजे वाळत घालितांना आली.

दुसरे दिवशीं निकाल जाहला. साऱ्या बेटावर तांबडे आणि निळे ऐसे समसमान उतरले कीं तराजूचा कांटा हलेना, आणि शेवटचें गांव राहिलें तें हें गिरणीचें. मतें मोजलीं, पुन्हां मोजलीं, मग चष्मे बदलून मोजलीं. निळा एका मतानें आला. गांव पडलें, गांव पडलें म्हणून राज्य पडलें. तांबड्यांचे कारभारी आपल्या सरकारी वाड्याच्या दरवाज्यासमोर लांकडी मेज मांडून पावसांत उभे राहिले, कारण जाणारानें भिजतच जावें, छत्री असली तरी धरूं नये, ऐसा तेथील दंडक. म्हणाले, "चुकलं असेल तर माझं. लोक भले आहेत." आणि आंत गेले. कोणीएकानें वाटेंत विनोद केला होता, त्यास ते दार लागल्यावर हंसले, तें बाहेर ऐकूं आलें.

तें हंसणें ऐकून बेटाचें चित्त पालटलें. काल जे नको म्हणत होते तेच आज डोळ्यांस रुमाल लावूं लागले. नव्या कारभाऱ्यांनीं प्रथम भाषण केलें, वेळेवर हंसले, तर लोकांस पोरकें वाटलें. तांबड्यांनीं नवा पुढारी निवडण्याची मसलत मांडली. उमेदवार तिघे उभे राहिले, एक फार तिखट, दुसरा फार मवाळ, तिसरा उंच. अच्युतराव बसथांब्यावर उभे असतां दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. एक म्हणाली, "मला विचाराल तर गेला तोच बरा." दुसरी म्हणाली, "तुम्हाला तर तो नको होता." पहिली म्हणाली, "नको होता, पण होता." अच्युतरावांस वाटलें कीं सारें राज्यच विधुर जाहलें, आणि तें आपल्या एका फुलीनें. बस आली, ती त्यांणीं जाऊं दिली.

इकडे गांवांत तें एक मत कोणाचें याचा शोध सुरू जाहला. तांबड्यांचे मंडळींत प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहूं लागला. शेजारीं डोरीनबाई म्हणून सूतगिरणींतून निवृत्त जाहलेली बाई राहत असे, ती इतकी तांबडी कीं आकाश निळें दिसलें तर पडदा ओढून घेई. सुदैवें प्रसंग क्वचित येई. ती एके दुपारीं मुरंब्याची बरणी घेऊन अच्युतरावांकडे आली, बरणी मेजावर ठेविली आणि खुर्चींत बसून रडूं लागली. अच्युतरावांनीं चहा ठेविला. बाई म्हणाली, "ते एक मत माझं, अच्युतराव. चुलीवर हा मुरंबा होता. म्हटलं, होईल, मग जाईन. हा काही होईना, आणि तिकडे दारं लागली. मी मुरंब्यापायी राज्य घालवलं. खाववत नाही हो मला. तुम्ही ठेवा."

अच्युतराव बरणीकडे पाहत राहिले. गप्प बसावें तर कोणास कळणार नाहीं, संघटनेंतील मान शाबूत राहील, आणि ही बाई जन्मभर मुरंब्यास भिऊन राहील. सांगावें तर गल्लींत तोंड दाखविणें कठीण, आणि जी एकुलती शेजारीण राहिली तिनेंही दार लावून घेतलें तर मग घरांत आणि घराबाहेर सारखेंच एकमत. मग म्हणाले, "डोरीनबाई, ते मत तुमचं नव्हे. सरोजिनीचं."

"त्या तर फेब्रुवारीत गेल्या."

"गेली. मी दिलं तिचं. म्हटलं, माझं ती देईल."

डोरीनबाईनें नाक पुसणें थांबविलें. अच्युतराव दाराकडे पाहूं लागले कीं आतां ही उठेल. बाई उठली खरी, परंतु कपाटाकडे गेली, चमचा आणिला, मुरंब्याची बरणी उघडली आणि म्हणाली, "शेवटचा शब्द त्यांनाच लागायचा. मेल्यावर तरी सोडतील असं वाटलं होतं." मग चमचाभर खाऊन म्हणाली, "साखर जास्त झालीय. राज्य गेलं ते गेलं, मुरंबाही बिघडला."

इतक्यांत दार वाजलें. लोकांचे कौल पुसून वर्तमानपत्रांस पुरविणाऱ्या एका पेढीची तरुण मुलगी आली होती, नाम ग्रेसबाई, हातीं कांचेची पाटी. तिनें पायपुसण्यावर पाय पुसले, आणि आंत पाऊल टाकण्यापूर्वीं आणखी एकदां पुसले. अच्युतरावांनीं तें पाहिलें आणि म्हणाले, "या, बसा. चहा घेणार?" ग्रेसबाईनें पुसलें, "घरात मतदार किती?"

अच्युतरावांचे तोंडून निघालें, "दोन."

ग्रेसबाईनें डोरीनबाईकडे पाहिलें. डोरीनबाई मुरंबा खात म्हणाली, "मी शेजारची. यांच्या घरी दोनच. आणि त्यांचं आपसात पटत नाही."

"दुसरे कुठे आहेत?"

"बाहेर गेलीय," अच्युतराव म्हणाले. "पण तिचं मत मला पाठ आहे."

पेढीचा नियम ऐसा कीं ज्याचें मत त्यानेंच सांगावें. ग्रेसबाईस नियम आठवला, आणि तिनें चहा हातीं घेतला. मग पुसलें कीं गेलेले कारभारी परत यावेत काय. अच्युतराव म्हणाले, "यावेत. भिजत उभे राहिले बिचारे, मला पाहवलं नाही."

"आणि त्यांचं मत?"

अच्युतरावांचा सूर थोडा चढला. "ती म्हणेल, भिजले ना, मग तसेच आत कसे गेले? दारात पायपुसणं होतं. मी स्वतः बघितलं. पाय पुसले नाहीत."

"अगं, मनुष्य राज्य हरलाय, त्याला पायपुसणं सुचेल?" अच्युतराव म्हणाले.

"हरल्यावरच कळतं कुणाला सुचतं ते," अच्युतरावच म्हणाले.

"तुझं आपलं एकच. गरिबांचं काय?"

"आतला गालिचा पुसायला कोण येणार आहे, श्रीमंत?"

ऐसें बराच वेळ चाललें. उंच उमेदवाराचा विषय निघाला, त्यावर सरोजिनीबाईंचें मत वाईट पडलें. डोरीनबाई मध्यें पडून तांबड्यांची बाजू लढूं लागली, तर अच्युतरावांनीं सरोजिनीबाईंच्या तर्फेनें तिला ऐसें उत्तर दिलें कीं ती म्हणाली, "हे तर थेट त्यांचंच बोलणं." माघापासून त्या घरांत विरोध म्हणून ऐकूं आला नव्हता, तो त्या दुपारीं आला, आणि अच्युतराव वादांत सपशेल हरले, आणि मान खालीं घालून कप विसळूं लागले, तेव्हां त्यांचा चेहरा पाहून ग्रेसबाईनें पाटीवर दोन मतें निरनिराळीं नोंदलीं आणि निघतांना मुरंब्याची स्तुति केली.

पुढें वर्तमानपत्रीं छापून आलें कीं गिरणीच्या गांवीं लोकमत अगदीं समसमान दुभंगलें आहे. जाणत्यांनीं त्यावर मोठी चर्चा केली. एक म्हणाले, हा असंतोष. दुसरे म्हणाले, हा संभ्रम. अच्युतरावांनीं तें वाचून कात्रण सरोजिनीबाईंच्या फोटोखालीं ठेविलें, मग छत्री उजवीकडे झुकवून कालव्यावर गेले आणि लसणीचें तिखट घालून मासा खाल्ला.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. तांबड्यांस नवा पुढारी मिळाला. त्याचें नांव लिहीत नाहीं, कारण शाई वाळेपर्यंत टिकेल याची हमी नाहीं. लोक त्यास नांवें ठेवूं लागले आहेत आणि गेलेल्यास आठवूं लागले आहेत, म्हणजे राज्यांत क्षेम आहे. पाऊस चालू. टिपणीसांचे घरीं मतदार दोन, बेरीज शून्य.