आप्पांच्या फोनमधला इसम

रंगनाथआप्पांचा कुठल्याही वस्तूवर ती वाजवून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. कलिंगड आपण सगळेच वाजवतो, माठही वाजवून घेतो. आप्पा लाल भोपळा वाजवतात, दारं वाजवतात, दुसऱ्याच्या घराच्या भिंती वाजवतात. मी नवा कुकर आणला तेव्हा शेजारधर्म म्हणून बघायला आले. बोटाच्या पेरानं टकटक केलं, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाले, "बद्द वाजतोय." कुकर आजही उत्तम चालतो. पण कधी डाळ कच्ची राहिली की मला पहिले आप्पा आठवतात.

आप्पांच्या हिशेबी जगात दोनच प्रकार, खणखणीत आणि बद्द. माणसंही त्यातून सुटत नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला मुलगा आला होता. आप्पांनी "या, या पाव्हणं" करत त्याच्या पाठीवर दोन-चार थापा मारल्या. मुलाला वाटलं, काय प्रेमळ म्हातारा आहे! आप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन मला हळूच म्हणाले, "खणखणीत हाय. देऊन टाका पोरगी." दिली. सुखात आहे. एवढ्या एका निकालाच्या जोरावर आप्पा अजून आमच्याकडे हक्कानं चहा पितात.

यात आप्पांचा दोष नाही. त्यांची सगळी नोकरी दौंड जंक्शनला हातोडी घेऊन गेली. गाडी फलाटाला लागली की खाली उतरून एकेका डब्याची चाकं ठोकत जायचं आणि आवाजावरून ओळखायचं, चाक धड आहे की तडकलंय. रिटायर झाल्यावर त्यांनी हातोडी जमा केली, रेल्वेचं क्वार्टर सोडलं आणि आमच्या शेजारी राहायला आले. हातोडी गेली, पण हाताची सवय जाईना. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक लेक वैशाली लग्न होऊन जर्मनीला गेलेली. मी प्राथमिक शाळेत शिकवते म्हणून मला ते 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि सरकारी कागदापासून गॅसच्या शेगडीपर्यंत जगातलं सगळं मला कळतं असं धरून चालतात. मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

वैशालीला लग्नानंतर फार वर्षांनी दिवस राहिले. आई नाही, म्हणून बाळंतपणाला तिनं वडिलांनाच बोलावलं. आप्पांना असा हुरूप आला की विचारू नका. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. डिंक, खारीक, बाळंतशेपा यांनी घर भरलं. मला रोज एक प्रश्न. "मास्तरीणबाई, बाळगुटीतली मुरडशेंग उगाळायची का कुटायची?" सगळं जमत आलं होतं. आप्पांची अट फक्त एकच होती.

"माझा हा फोनचा नंबर एक दिवस बी बंद पडता कामा न्हाई. बंद पडणार असंल, तर म्या येत न्हाई."

का, ते सांगायला तयार नाहीत. विचारलं की समोरचं टेबल वाजवत बसायचे.

एका संध्याकाळी आप्पा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून, हातावर आडवा धरून आले. चेहरा उतरलेला.

"मास्तरीणबाई, दार लावून घ्या. ह्या फोनमधी इसम हाय का, तेवढं बघा."

"कोण आहे का?"

"इसम."

आता आप्पांच्या नोकरीत 'इसम' हा शब्द एकाच ठिकाणी यायचा. रुळाच्या कडेला कुणी पडलेलं सापडलं की पोलीस पंचनाम्यात लिहायचे, 'अंदाजे चाळीस वर्षे वयाचा अनोळखी इसम.' इसम म्हटलं की पुढं काही बरं नसायचं. त्यामुळं त्यांनी फोन पिशवीत का घातला, ते मला कळलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"वैशूनंच. म्हणली, आप्पा, तुमच्या फोनमधी इसम चालतो का बघा. चालत असंल तर लई बरं हाय म्हणली."

"असला तर बरं?"

"व्हय! न्हाईतर पंचाईत म्हणती. आन् तो डोळ्याला दिसत न्हाई, आतच असतो. ती तिकडनं एक चित्र पाठवणार. त्या चित्राचा फोटू काढला, की तो फोनमधी शिरणार."

"इसम?"

"मग काय सांगतोय! आन् आत गेला की आपल्या जुन्या कार्डाशेजारी गुण्यागोविंदानं राहतो म्हणं."

'मला माहीत नाही' हे वाक्य शिक्षकांना म्हणता येत नाही. मी गंभीरपणे पिशवी सोडली, फोन उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. अनोळखी तर सोडाच, ओळखीचाही इसम दिसेना. शेवटी वैशालीलाच फोन लावला. ती आधी हसली, मग रडकुंडीला आली. "अहो ताई, इसम नाही हो! ई-सिम! ई-सिम!"

तिनं समजावून सांगितलं. हे सिम म्हणजे कार्ड नाही. हातात घेता येत नाही, खोबणीत घालता येत नाही. पण ते सगळ्याच फोनमध्ये चालत नाही. आप्पांच्या फोनमध्ये चालत असेल तर जुनं कार्ड जागच्या जागी राहील, जुना नंबर चालू राहील आणि तिकडचा नंबर वेगळा मिळेल. चालत नसेल, तर जुनं कार्ड काढून तिकडचं घालावं लागेल.

"आणि जुनं काढलं तर आप्पा येणार नाहीत," ती म्हणाली. "ताई, मला या वेळेला कुणीतरी आपलं माणूस लागणार आहे हो."

म्हणजे एका बाळंतिणीला आपलं माणूस मिळणार की नाही, हे आता एका जुन्या फोनच्या पोटात काय आहे त्यावर ठरणार होतं. फोनही असा, की आप्पांनी तो कुणाकडून तरी वापरलेला घेतलेला, अर्थात वाजवून. पाठीवरचं नाव घासून गेलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानात गेलो. आम्ही काही बोलायच्या आत दुकानदारानं फोनच्या कडेला टाचणी खुपसली आणि कार्ड बाहेर काढलं. आप्पा किंचाळले. "आरं बंद पडला! नंबर बंद पडला! घाल आधी आत!" दुकानातली गिऱ्हाइकं दारापर्यंत मागं सरली. कार्ड आत गेलं, रेंजच्या कांड्या दिसल्या, तेव्हा आप्पांनी श्वास सोडला.

"ई-सिम हाय का न्हाई, तेवढं सांग. आन् हाय म्हणालास तर दाखव."

"आप्पा, ते दिसत नसतंय."

"हाताला लागतं का?"

"न्हाई."

"वाजतं का?"

"आप्पा, सिम कसं वाजंल?"

"मग हाय कशावरून म्हणायचं? देवाचं सुदीक देऊळ तरी दिसतं."

दुकानदारानं फोनमध्ये बोटं फिरवून मॉडेल शोधलं आणि डोकं खाजवलं. "ह्या मॉडेलला काही देशांत असतंय आन् काही देशांत नसतंय."

"पण फोन तर दौंडातच हाय की!" आप्पा म्हणाले.

एक गिऱ्हाईक म्हणालं, हल्लीच्या सगळ्याच फोनला असतं. दुसरं म्हणालं, फक्त महागाच्या फोनला असतं. तिसरं म्हणालं, ते सिम घातलं की बँकेतले पैसे जातात. मला सगळ्यांचंच पटत होतं. शेवटी दुकानदारानं निकाल दिला, "बहुतेक नसंल."

तिथंच घोटाळा झाला. आप्पांपुढं 'बहुतेक' म्हणायचं नसतं. "चाकाला बहुतेक चालत न्हाई," असं म्हणून त्यांनी फोन पिशवीत घातला, रबर लावलं आणि रस्त्यात मला सांगितलं, "वैशूला कळवा. म्या येत न्हाई."

मला राग आला. डिंकाच्या लाडवांचा डबा भरलेला, लेक तिकडं दिवस मोजतेय आणि हा माणूस एका नंबरासाठी अडून बसलाय! मी भर रस्त्यात म्हटलं, "आप्पा, लेकीपेक्षा नंबर मोठा झाला का तुम्हाला?" रस्त्यात वाजवायला काही नव्हतं, म्हणून ते बोटं नुसतीच हलवत चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीचा मला निरोप आला. तिनं कुणाला तरी विचारलं होतं. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायचं. जे आकडे येतील त्यात 'ईआयडी' असं लिहिलेला एक लांबलचक आकडा असला, तर ई-सिम चालतं. नसला तर नाही. मी तशीच आप्पांकडे गेले. ते आंघोळीला गेले होते. फोन ओट्यावर होता. मी स्टार दाबणार, एवढ्यात तो वाजायला लागला. नाव आलं, 'बनसोडे गार्ड'.

मी उचलला. पलीकडून एक म्हातारा आवाज, घाईतला.

"आप्पा, पुण्याची गाडी लागली का?"

"कोण बोलतंय?"

"चौकशीच्या बाई का? बाई, आप्पांना बोलवा. गाडी फिट हाय का, इचारा. पब्लिक खोळंबलंय."

मला काही उमजेना. "कुठली गाडी?" म्हटलं तर आवाज कापरा झाला. "असं काय करता बाई? आप्पांनी फिट म्हणल्याबिगर मला झेंडा दाखवता येत न्हाई."

तेवढ्यात आप्पा न्हाणीतून धावत आले. पंचा गुंडाळलेला, डोक्याला साबण तसाच. माझ्या हातातून फोन घेतला आणि ताठ उभे राहिले.

"हां बनसोडे. लागली गाडी. समदी बघितली, इंजिनापासनं शेवटच्या डब्यापत्तोर. फिट हाय. सोडा."

पलीकडचं काहीतरी ऐकलं. "व्हय, व्हय. आता च्या घ्या. गोळी बी घ्या. जय भीम." फोन ठेवला. साबणाचा ओघळ डोळ्यात गेला होता, तो पंच्याच्या टोकानं पुसत खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं. बनसोडे त्यांच्या वेळचे गार्ड. आप्पांनी गाडी तपासून 'फिट' म्हणायचं आणि बनसोड्यांनी हिरवा झेंडा दाखवायचा, असं दोघांचं आयुष्य गेलं. आता बनसोडे शिरूरला मुलाकडे असतात. आठवण जात चाललीय. नातवाचं नाव विसरतात, जेवल्याचं विसरतात, पण सकाळ झाली की गाडी सोडायचं मात्र विसरत नाहीत.

"आन् शिरूरला रूळच न्हाईत, मास्तरीणबाई. हितं रात्रंदिवस भोंगा ऐकलेला माणूस. तितं त्याला काय ऐकू येणार? मागं एकदा टेशन हुडकत हायवेनं चालत सुटला व्हता. तवापासनं फोन करतो. म्या फिट म्हणलं की झेंडा दाखवून शांत बसतो. दिसभर मग काय तरास न्हाई."

"त्यांच्या मुलाला सांगा की, तो सांगेल फिट आहे म्हणून."

"दुसऱ्या कुणाचं पटत न्हाई त्याला. आन् पोराचा नंबर सुदीक ध्यानात न्हाई. माझा एकच पाठ हाय."

"मग हे वैशालीला का नाही सांगितलं?"

आप्पांनी बोटानं फरशी वाजवली. "लई हुशार माणूस व्हता तो. त्याचं असं झालंय, हे चार लोकांत कशाला बोलायचं?"

मला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली, आणि आदल्या दिवशी रस्त्यात जे बोलले त्याची लाज वाटली. मी तोंड फिरवून स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं. आकड्यांच्या ओळीच्या ओळी आल्या. आणि त्यात होता, लांबलचक, ईआयडी!

"आप्पा, आहे! ई-सिम चालतंय! जुनं कार्ड काढायचं नाही!"

"बहुतेक?"

"नाही, नक्की!"

तरीही त्यांनी तो आकडा माझ्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला. मग उठून उरलेला साबण धुवायला गेले. पुढच्या आठवड्यात ते डिंकाच्या लाडवांसकट जर्मनीला गेले.

नात झाली. पेढे मी वाटले. महिनाभरानं वैशालीचा फोन आला, आवाज एकदम खाली.

"ताई, एक विचारू? आप्पांना काही होतंय का हो? इथं पहाट असते, बाहेर अंधार असतो, आणि हे गॅलरीत उभं राहून फोनवर मोठ्यानं सांगतात, गाडी फिट आहे, सोडा. रोज. विचारलं तर म्हणतात, काही नाही, सवय. मला भीती वाटते हो. त्यांचं डोकं तर..."

हे चार लोकांत बोलायचं नाही, असं आप्पांचं म्हणणं होतं. पण मी सगळं सांगितलं. बनसोडे, शिरूर, झेंडा, चहा, गोळी, सगळं.

"ताई," ती म्हणाली, "काल पहाटे आप्पांना गाढ झोप लागली होती. फोन वाजत होता. झोपू दे बिचाऱ्यांना म्हणून मी कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला."

माझ्या डोळ्यांपुढं शिरूरचा हायवे आला. तिकडं बाळ रडायला लागलं.

"ही रोज बनसोड्यांच्या फोनच्या वेळेलाच उठते," वैशाली नाक ओढत म्हणाली. "उद्यापासून फोन वाजला की मीच आप्पांना उठवीन."