वाचले व मान्य आहे

चारशे बारा घरांना इंटरनेट पुरविणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या सर्व्हरसाठी नवी ऑपरेटिंग सिस्टिम निवडणे, हे वस्तुतः एका दुपारचे काम होते. जुनी सिस्टिम जराजर्जर झाली होती. तिच्या निर्मात्यांनीही तिची विचारपूस सोडली होती, आणि दिवसातून दोनदा ती मूर्च्छित पडे. अशा प्रत्येक मूर्च्छेनंतर ग्राहकांची मुक्ताफळे प्रथम फोनवर बसणाऱ्या मामींच्या कानी पडत आणि तेथून, जराही न गाळता, कंपनीच्या एकमेव तंत्रज्ञाच्या. तंत्रज्ञ हा मालकांचा सख्खा भाचा होता.

"सोमवारी पुन्हा बंद पडलं, तर दुसरा माणूस बघेन," मामांनी बजावले होते. "तुझ्या आईला काय सांगायचं ते माझं मी बघतो."

भाच्याने तीन सिस्टिम पारखून एक निवडली. शुक्रवारी सकाळी संचालक मंडळासमोर ती बसविण्यास त्याने प्रारंभ केला. मंडळात मामा, मामी आणि कायदेविषयक सल्लागार म्हणून थोरले मामा होते. थोरल्या मामांची चाळीस वर्षे न्यायालयाच्या कारकुनीत गेली होती. पडद्यावर अक्षरे उमटली : 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.' भाच्याने बोट उचलले.

"थांब. वाचल्यास?" थोरल्या मामांनी विचारले.

"कुणीच वाचत नाही, मामा."

"मग 'वाचल्या' असं लिहून कसं देतोस?"

"लिहून कुठे देतोय? नुसती टिचकी मारतोय."

"खोटी साक्ष बोटाने दिली म्हणून खरी होते का रे?"

युक्तिवाद बिनतोड होता. तत्काळ वाचन समिती स्थापन झाली आणि चौसष्ट पानांच्या करारनाम्याचे सार्थ वाचन सुरू झाले. नवव्या पानावरील 'वाजवी' या एका शब्दाने सकाळच्या चहापासून जेवणापर्यंतचा वेळ घेतला. "वाजवी म्हणजे यांना वाटेल ते," हे मामींचे मत भिन्नमतपत्रिका म्हणून इतिवृत्तात नोंदविण्यात आले. बाविसावे कलम असे होते की, या सिस्टिमवर अणुभट्टी चालवू नये. थोरल्या मामांनी जागेची प्रत्यक्ष पाहणी सुचविली. भाच्याने मागची खोली उघडून दाखविली. तेथे पाणी तापविण्याचा एक हीटर आढळला. त्याचे स्वरूप निश्चित होईपर्यंत ते कलम राखून ठेवण्यात आले.

शनिवारी दुपारी चौसष्टावे पान आले. त्यावर शेवटचे वाक्य होते : 'या अटी पूर्वसूचनेविना बदलू शकतात.' भाच्याने ताजी प्रत उघडली. अटी सकाळीच बदलल्या होत्या.

"मग फुकटातली सिस्टिम घेऊ," भाचा काकुळतीला येऊन म्हणाला. "तिचा कुणी मालकच नाही. अकराशे लोकांनी मिळून केलीय."

"प्रत्येकाच्या अटी वेगळ्या?"

"असाव्यात."

"उत्तम," थोरल्या मामांनी चष्मा पुसला. "पहिल्यापासून घेऊ."

सोमवारी सकाळी, अकराशेंपैकी सातव्याचे वाचन चालू असता, जुन्या सिस्टिमने देह ठेवला. फोन खणखणू लागला. मामा सावकाश भाच्याकडे वळले.

"आता त्या चारशे बारा घरांना तू काय सांगणार?"

भाच्याने फोनकडे हात नेला. तेवढ्यात थोरल्या मामांनी पृच्छा केली, "या ग्राहकांनी आपलं काही मान्य केलंय का?"

"जोडणी घेताना पडद्यावर करार येतो. मीच कुठल्याशा कंपनीचा उचलून आपलं नाव घातलं होतं."

"वाचला होतास?"

थोरल्या मामांनी कार्यालयाची प्रत मागविली आणि एकतिसाव्या कलमाशी त्यांचा स्वर सद्गदित झाला : 'सेवा बंद असणे हा सेवेचाच एक प्रकार समजण्यात येईल. करार मोठ्याने वाचून दाखविल्याखेरीज तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही.' खाली चारशे बाराही ग्राहकांची संमती होती.

"एकानेही वाचलं नाही," ते म्हणाले, "म्हणून आपण वाचलो."

सेवा करारानुसार पूर्ववत चालू असल्याने नव्या सिस्टिमची आवश्यकता उरली नाही, असा ठराव एकमताने संमत झाला. भाच्याची नोकरी राहिली. किंबहुना करारलेखनाबद्दल त्याचे अभिनंदन करण्यात आले. मामींनी वाजणारा फोन उचलला.

"हो, बंद आहे. तुम्हाला मान्यच आहे ना ते."

"मी कधी मान्य केलं?" पलीकडचा आवाज तापला.

"'वाचले' म्हणून खूण केलीत की."

"अहो बाई, मी चांगला वाचणारा माणूस आहे. पुस्तकं, कथा, रोजचा पेपर..."

"मग वाचून दाखवा करार. लगेच तक्रार लिहून घेते."

"कुठे मिळेल तो?"

"आमच्या वेबसाइटवर."

पलीकडून वेबसाइट उघडू पाहणाऱ्या टिचक्या ऐकू येत राहिल्या. तिकडून कोण बोलत होते, ते नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही; ते आपण स्वतःच, न वाचता, ठिकठिकाणी देऊन ठेवलेले आहे.